आधी मूल, मग पाळणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सुट्ट्या जवळ आल्या की नागपूरकरांच्या घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. एके काळी आपली धाव महाराजबागेपर्यंत, फार तर अंबाझरीच्या तलावापर्यंत असे. पाळण्यात बसायचं तर जत्रेची वाट पाहावी लागे. १९८४ साली दिल्लीत अप्पू घर उघडलं, १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं. ही दोन्ही आता बंद झाली आहेत, पण त्यांनी लावलेली गोडी कायम राहिली. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, हैदराबादचं वंडरला २०१६ साली. आपल्या शहराबाहेरही अमरावती रस्त्यावर, छिंदवाडा रस्त्यावर वॉटरपार्क झाले. शेजारची मुलं जाऊन येतात, फोटो दाखवतात, आणि मग आपल्या घरातली पोट्टीही हट्ट धरतात.

पण प्रत्येक वस्तीत एखादं घर असं असतं, की तिथे हा विषय निघाला की आई म्हणते, 'तुम्ही जाऊन या. मी याला घेऊन घरी थांबते.' 'याला' म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या, स्वमग्न असलेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा वारंवार फिट येणाऱ्या मुलाला. काही वर्षांनी हे वाक्य म्हणायचीही गरज राहत नाही. घरानं ते गृहीत धरलेलं असतं. मग लग्नाला कोणी एकानंच जायचं, सिनेमा दोन पाळ्यांत बघायचा आणि सहल टाळायची, अशी सवय पडते.

आज मला त्या घरांशी बोलायचं आहे. आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांशीही. विशेष मुलाला घेऊन अशा उद्यानाची सहल करता येते. तिला पैशांपेक्षा पूर्वतयारी जास्त लागते, आणि त्या तयारीची सुरुवात उद्यानाच्या माहितीपत्रकापासून न करता आपल्या मुलापासून करावी लागते. आपण बहुतेक जण आधी तिकीट काढतो आणि मग मुलाला त्या तिकिटात बसवायला बघतो. गडबड होते ती तिथे.

तेव्हा आधी एक कागद घ्या. त्यावर तीन रकाने पाडा. पहिल्यात मुलाला काय आवडतं ते लिहा, दुसऱ्यात काय सहन होत नाही ते, आणि तिसऱ्यात घड्याळाप्रमाणे काय लागतं ते. घरातल्या प्रत्येकानं, आजीनं आणि भावंडांनीसुद्धा, त्यात भर घालावी. आईला माहीत नसलेल्या गोष्टी पुष्कळदा धाकट्या बहिणीला माहीत असतात.

दुसऱ्या रकान्याकडे नीट बघा. अशा उद्यानात भोंग्यांचा आवाज असतो, शिट्ट्या असतात, अनोळखी माणसांचे धक्के असतात, पाण्याला क्लोरिनचा वास असतो. काही स्वमग्न मुलांना ओले कपडे अंगाला चिकटलेले अजिबात चालत नाहीत. अशा मुलाला थेट वॉटरपार्कमध्ये नेलं तर पहिल्या दहा मिनिटांत रडारड सुरू होणार, यात मुलाचा दोष नाही. उलट पहिल्या रकान्यात कधी कधी आश्चर्य दडलेलं असतं. बरीच स्वमग्न मुलं गोल फिरणाऱ्या वस्तूंकडे तासन्तास बघू शकतात. अशा मुलाला आकाशपाळण्यात बसण्यापेक्षा समोरच्या बाकावर बसून तो फिरताना बघण्यात जास्त आनंद वाटू शकतो. त्याला तिथे अर्धा तास बसू द्या. तिकिटाचे पैसे वाया गेले असं समजू नका. तो त्याच्या पद्धतीनं पैसे वसूलच करतो आहे.

कागद झाला की रंगीत तालीम. नाटकाला तालीम लागते, तशी सहलीलाही लागते, आणि तालमीसाठी नागपूरइतकं सोयीचं शहर नाही. आपली मेट्रो ८ मार्च २०१९ ला धावू लागली आणि डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्यातले दोन्ही मार्ग पूर्ण चालू झाले. मेट्रोच्या स्थानकात काय काय असतं बघा. सुरक्षा तपासणी, तिकीट दाखवून उघडणारं फाटक, लाउडस्पीकरवरच्या सूचना, थांबून वाट पाहणं, आपोआप मिटणारी दारं. मोठ्या उद्यानाच्या प्रवेशद्वारावर मुलाला जे जे सोसावं लागतं, त्यातलं बरंचसं इथे थोड्या पैशांत अनुभवायला मिळतं. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्टही आहे. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी दोन स्थानकं जाऊन परत या. पुढच्या आठवड्यात सीताबर्डीला उतरून गाडी बदला.

दुसरी तालीम रमण विज्ञान केंद्रात. हे केंद्र १९९२ पासून आहे आणि तिथलं तारांगण १९९७ पासून. तारांगणात अंधार होतो, आवाज चारी बाजूंनी येतो. अंधाऱ्या बोगद्यातल्या राईडमध्ये मूल घाबरेल का, याचा अंदाज इथे येतो. तिसरी तालीम गोरेवाड्याला. तिथलं आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. सफारीच्या बसमध्ये बसलं की मध्येच उतरता येत नाही. ठरलेल्या वेळेपर्यंत जागेवर बसणं मुलाला किती जमतं, ते तिथे कळतं. आणि समजा काहीच जमलं नाही, तरी घर अर्ध्या तासावर असतं. हैदराबादला कळण्यापेक्षा गोरेवाड्याला कळलेलं बरं.

तालमीबरोबर एक फोटोंची वही करा. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेनं १९९१ च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठी 'सोशल स्टोरी' म्हणजे छोट्या चित्रगोष्टींची पद्धत मांडली. ती आता जगभरच्या विशेष शाळांमधून वापरतात. आपण ती साध्या वहीत करू शकतो. पहिल्या पानावर आगगाडीचा फोटो, खाली 'आपण गाडीत बसू.' दुसऱ्या पानावर खोलीचा, तिसऱ्यावर उद्यानाच्या दाराचा, चौथ्यावर रांगेचा. खाली 'इथे आपण थांबू. मग आपली पाळी येईल.' शेवटच्या पानावर आपल्या घराचा फोटो हवाच. घरी परत जायचं आहे हे ठाऊक असलं की पुष्कळ मुलं निम्मी शांत होतात. ही वही पंधरा दिवस रोज रात्री वाचा.

आता उद्यानाला फोन करायचा. संकेतस्थळावर 'सर्वांचं स्वागत आहे' असं लिहिलेलं असतंच. आपल्याला त्यापुढचं विचारायचं आहे. चाकाची खुर्ची तिथे मिळते की आपली आणावी लागेल? रस्ते फरसबंदीचे आहेत की मध्ये पायऱ्या आणि रेती आहे? आमच्या मुलाला रांगेत तासभर उभं राहता येत नाही, त्यासाठी काही वेगळी सोय आहे का? सोबत्याच्या तिकिटात सवलत आहे का? बाहेरचं अन्न आत नेऊ देत नसाल, तर विशेष आहार आणि औषधं नेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी चालेल का? एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येतं का? प्रथमोपचाराची खोली कुठे आहे, आणि मूल बिथरलं तर तिथे दहा मिनिटं शांत बसू द्याल का? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर लेखी घ्या आणि फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. फाटकावरचा माणूस वेगळाच असतो आणि त्याला काहीच सांगितलेलं नसतं. तिथे तो कागद कामाला येतो.

एक प्रश्न विचारायला पालक संकोचतात, तो शौचालयाचा. मूल तीन वर्षांचं असताना काही अडत नाही. ते तेरा वर्षांचं झालं, त्याला अजून लंगोट लागत असेल, तर त्याचे कपडे कुठे बदलायचे? आई मुलाला घेऊन बायकांच्या शौचालयात गेली तर बायका बघतात; वडील मुलीला घेऊन कुठे जाणार? ब्रिटनमध्ये २००६ साली 'चेंजिंग प्लेसेस' नावाची मोहीम सुरू झाली ती याच प्रश्नावरून. मोठ्या माणसाला आडवं करता येईल असं बाक, उचलायचं यंत्र आणि दोन मदतनीसांना वावरता येईल एवढी जागा असलेली शौचालयं हवीत, ही त्यांची मागणी. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर फोनवर स्पष्ट विचारा : कमोड आहे का, दार चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढं रुंद आहे का, आणि प्रथमोपचाराच्या खोलीतला पलंग दहा मिनिटं वापरू द्याल का? या एका सोयीअभावी कित्येक आया दिवसभर मुलाला पाणी कमी पाजतात. उन्हात ते धोक्याचं आहे.

ऊन म्हटलं की दिवसांचा विचार आला. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत विशेष मुलाला घेऊन वॉटरपार्क नकोच. दिवाळीची आणि नाताळची सुट्टीही नको, गर्दी फार. संक्रांतीनंतरचा एखादा मंगळवार-बुधवार निवडा. भावंडांची दोन दिवसांची शाळा बुडेल, पण रांग निम्म्यावर येईल.

जाण्यापूर्वी मुलाच्या डॉक्टरांना एकदा भेटा आणि 'सहलीला जातोय' एवढंच न सांगता 'अमुक राईडमध्ये बसवणार आहोत' असं सांगा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. अशा मुलाला मानेला हिसका बसणाऱ्या राईड वर्ज्य. फिट येणाऱ्या मुलाची झोप आणि औषधाची वेळ प्रवासात चुकता कामा नये. काहींना लुकलुकणाऱ्या दिव्यांचाही त्रास होतो, आणि पाण्यात असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. फिटवरच्या टोपिरामेट, झोनिसामाइड यांसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे ऊन लवकर बाधतं. हे औषध चालू असेल तर सावलीच्या वेळा आधी ठरवा.

आणि सिकलसेल. विदर्भात हा आजार किती घरांत आहे, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सिकलसेलचं मूल दिसायला चारचौघांसारखं असतं, म्हणून कोणी काळजी घेत नाही. पण थंड पाण्यात फार वेळ राहिलं, अंगातलं पाणी कमी झालं किंवा अति दमलं, की वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला पाण्यात थोडा थोडा वेळच जाऊ द्या, बाहेर आल्याबरोबर कोरडं करा, आणि दिवसभर पाणी पाजत राहा. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची औषधं खोलीवर न ठेवता बरोबरच्या पिशवीत ठेवा.

प्रवासाचंही मुलाच्या सोयीनं बघा. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली आहे. दिवसा साधारण सव्वासात तासांत पोहोचवते. मुलाला खिडकीतून बघायला आवडत असेल तर ती छान. सात तास खुर्चीत बसणं शक्य नसेल तर रात्रीची स्लीपरची गाडी बरी. मूल झोपेत हैदराबाद गाठतं. रेल्वेत ठरावीक प्रकारच्या अपंगत्वासाठी, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना स्लीपर आणि थ्री-एसीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि तीच एका सोबत्यालाही मिळते. त्यासाठी लागणारं ओळखपत्र निघायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधी अर्ज करा. आपल्याला हवी ती गाडी आणि तो वर्ग सवलतीत बसतो का, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्या. खोली घेताना लिफ्ट आणि बाथरूमच्या दाराची रुंदी विचारा. मूल रात्री उठून चालू लागणारं असेल तर दाराच्या कडीला बांधायला एक छोटी घंटा न्या. दोन रुपयांची घंटा, पण आईला झोप देते.

आता एका नाजूक गोष्टीकडे येते. सगळी तयारी करून आपण जातो आणि राईडवरचा माणूस म्हणतो, 'याला बसवता येणार नाही.' इथे भांडायचं की परतायचं? त्याआधी त्याच्या म्हणण्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. वेगवान राईडमध्ये शरीराला धरून ठेवणारा पट्टा किंवा दांडा एका ठरावीक उंचीच्या, मान ताठ ठेवू शकणाऱ्या, हातांनी घट्ट धरू शकणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. राईड मध्येच बंद पडली तर जिन्यानं उतरावं लागतं. तुमच्या मुलाला मान सावरता येत नसेल आणि म्हणून नकार मिळाला, तर तो नकार त्याच्या भल्याचा आहे. तो मुकाट्यानं मानावा. पण नियम कुठेही लिहिलेला नाही, मुलाला काय जमतं ते कोणी विचारलं नाही, आणि नुसतं त्याच्याकडे बघून 'असली मुलं चालत नाहीत' असं सांगितलं, तर तो सुरक्षेचा नियम नाही. ती टाळाटाळ आहे.

हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही दाखवून दिला आहे. प्रकरण उद्यानाचं नव्हतं, विमानाचं होतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष या स्वतः अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या. २०१२ साली कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. २०१६ साली न्यायालयानं त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका विशेष मुलाला 'तो घाबरलेला आहे' म्हणून विमानात चढू दिलं नाही, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला. नुसत्या दिसण्यावरून कोणी ठरवायचं नाही, हा त्यातला मुद्दा. तो पाळण्यांनाही लागू पडतो.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत; सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियासुद्धा. शिक्षण आणि नोकरीबरोबर करमणुकीचाही उल्लेख त्यात आहे, आणि सेवा देणाऱ्या खासगी संस्थांवरही सुगम्यतेची जबाबदारी टाकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सूचनावजा ठेवून चालणार नाही. पाळलेच पाहिजेत असे किमान नियम सरकारनं करावेत. म्हणजे उतार, रुंद दार, वापरता येईल असं शौचालय यांची मागणी करताना आपण कोणाची मेहेरबानी मागत नसतो.

रांगेच्या सवलतीबद्दल मात्र आपणही प्रामाणिक राहायला हवं. अमेरिकेत डिस्ने उद्यानांत पूर्वी अपंग पाहुण्यांसाठी एक कार्ड होतं. त्यावर पुष्कळदा रांगेत फारसं न थांबता आत जाता येई. २०१३ साली बातम्या आल्या, की काही श्रीमंत कुटुंबं रांग टाळण्यासाठी एखाद्या अपंग माणसालाच भाड्यानं सोबत नेतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डिस्नेनं पद्धत बदलली. पाहुण्याला रांगेच्या लांबीप्रमाणे पुढची वेळ लिहून द्यायची. तोवर त्यानं सावलीत बसावं, काही खावं, आणि त्या वेळेला यावं. २०२४ साली ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली गेली. त्यावरून तिथे पालकांनी तक्रारीही केल्या. पण वेळ लिहून देण्याची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. वाट सगळेच बघतात. फक्त एका मुलाला ती गर्दीत उभं राहून बघावी लागत नाही. आपल्याकडचं कुठलंही उद्यान एका वहीत आणि एका घड्याळावर हे करू शकेल. आणि आपणही एका मुलाच्या नावावर बारा नातेवाइकांना पुढे घुसवू नये. तसं केलं की पुढच्या आईला ती सवलत मिळत नाही.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. उद्यान उघडतानाच आत जा. आत गेल्यावर आधी शौचालय आणि एक शांत कोपरा शोधा, पाळणे मागाहून. सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढून ठेवा. बोलता न येणाऱ्या मुलाच्या खिशात आणि मनगटाच्या पट्टीवर तुमचा मोबाइल नंबर हवा. स्वमग्न मुलांना पाण्याची फार ओढ असते. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पाण्याकडे धावा. खाऊच्या दुकानाकडे नंतर.

घरच्यांच्या दोन तुकड्या करा. भावंडाला आई किंवा बाबा पूर्ण दोन तास एकटे मिळाले पाहिजेत. हवी ती राईड, हवं ते आइस्क्रीम, आणि 'दादाकडे लक्ष दे' हे वाक्य त्या दोन तासांत उच्चारायचं नाही. या घरांतली धाकटी मुलं लहानपणीच शहाणी होतात, आणि त्या शहाणपणाची किंमत कोणी विचारत नाही. सहल तिचीही आहे. तशीच ती आईची आहे. तिलाही एकदा लाटांच्या तलावात पाय सोडून बसू द्या; तेवढा वेळ मूल बाबांकडे.

आणि परतायचा अधिकार हातात ठेवा. दुपारी दोनला मूल थकलं तर दोनला निघा. 'बाराशे रुपये भरलेत, सहापर्यंत थांबूच' या हिशेबानं चांगली सकाळ संध्याकाळी वाईट होते. मुलाला पुढच्या वेळी आठवते ती शेवटची तास-दोन तासांची गोष्ट.

आता बाकीच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. उद्यानात एखादं मोठं मूल जमिनीवर बसून किंचाळताना दिसलं तर ते लाडावलेलं आहे असं समजू नका. हट्ट करणारं मूल मधून मधून आपल्याकडे कोण बघतंय ते बघतं. आवाजानं आणि गर्दीनं बिथरलेल्या मुलाला तेवढंही भान नसतं. अशा वेळी गोळा होऊ नका, मोबाइल काढू नका, 'चॉकलेट द्या त्याला' असले सल्ले देऊ नका. थोडी जागा करून द्या. आईशी नजरानजर झालीच तर 'काही आणू का?' एवढं विचारा. पुरे होतं.

आणि तुमचं मूल त्या मुलाजवळ जाऊ पाहत असेल तर त्याला मागे ओढू नका. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ शहरी 'मॉर्गन्स वंडरलँड' नावाचं उद्यान आहे. त्याचा जन्म अशाच एका प्रसंगातून झाला. गॉर्डन हार्टमन हे घरबांधणी व्यावसायिक आपल्या मॉर्गन या विशेष मुलीला घेऊन सुट्टीवर गेले होते. पोहण्याच्या तलावात मॉर्गन खेळणाऱ्या मुलांजवळ गेली आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली. ती वाईट नव्हती. तिच्याशी कसं वागायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हार्टमन दांपत्यानं २०१० साली २५ एकरांवर असं उद्यान उघडलं, की जिथे चाकाच्या खुर्चीसकट पाळण्यात आणि झोक्यावर बसता येतं. अपंग व्यक्तीला प्रवेश फुकट, आणि बाकी मुलांनाही दारं उघडी. २०१७ साली शेजारी पाण्याचं उद्यान झालं. तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यानं न बिघडणाऱ्या चाकाच्या खुर्च्या आहेत. आपल्या नागपुरातही पूर्व भागात, पारडीला, 'अनुभूती' या सर्वसमावेशक उद्यानाची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी केली. सुमारे ९० हजार चौरस फुटांची ही योजना. स्पर्शानं आणि वासानं ओळखायची बाग, जलोपचाराची सोय, विशेष मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी वेगळी खोली, असं त्यात योजलेलं आहे.

अशी वेगळी उद्यानं व्हावीत. पण नेहमीच्या उद्यानांतही ही मुलं दिसली पाहिजेत. व्यवस्थापकांना विचारलं तर ते म्हणतात, 'असे पाहुणे येतच नाहीत, मग उतार कोणासाठी बांधायचा?' आणि पालक म्हणतात, 'उतारच नाही, मग जायचं कसं?' हे कोडं कोणीतरी एका बाजूनं सोडवायला हवं. तुम्ही एक फोन केला, एक लेखी प्रश्न विचारला, परतताना अभिप्रायाच्या वहीत 'शौचालयाचं दार अरुंद आहे, खुर्ची आत जात नाही' एवढं जरी लिहिलं, तरी तुमच्यामागून येणाऱ्या घराचं काम थोडं सोपं होतं. चांगला अनुभव आला तर तोही लिहा, आणि ज्या कर्मचाऱ्यानं मदत केली त्याचं नाव लिहा.

पहिल्याच सहलीत मोठं काही साधेल अशी अपेक्षा ठेवू नका. तीन पाळणे झाले, एक जेवण नीट झालं, आणि मूल हसत गाडीत बसलं, तर सहल उत्तम झाली. पहिल्या वेळी तीन, पुढच्या वेळी पाच. या रविवारी निदान तो तीन रकान्यांचा कागद तरी करा, आणि मेट्रोची दोन स्थानकं जाऊन या.